श्यामलाबाईंचा घोडा

"गुडघे तुमच्यापेक्षा वयानं मोठे झालेत, अक्का," असं डॉक्टर नीरजा हसत म्हणाल्या, तेव्हा पुरुषोत्तमरावही शिष्टाचार म्हणून हसले. मग डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि पुढचं न हसता सांगितलं. जिने जपून चढायचे, मांडी घालून बसायचं नाही. दुखणं हळूहळू वाढत जाणार, तेव्हा काय फिरायचं-हिंडायचं असेल ते लवकर उरकून घ्या.

दवाखान्यातून बाहेर पडून नवरा-बायको गांधीबाजारातून घराकडे निघाली. बसवनगुडीतल्या त्या रस्त्यावर श्यामलाबाई नेहमीच्या फुलवालीपाशी थांबल्या, हातभर मल्लिगेचा गजरा मोजून घेतला, केसांत माळला आणि भाजीचा भाव विचारावा तशा सहज म्हणाल्या, "म्हणजे घोड्याचं तोंड जवळून बघायचं राहिलंच म्हणायचं."

पुरुषोत्तमराव जागच्या जागी थांबले. बेंगळुरूतले घोडे म्हणजे रेसकोर्सवरचे, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि बस रेसकोर्सवरून जाऊ लागली की ते सभ्य माणसासारखे दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत. पंचवीसएक वर्षं सोबत राहिलेल्या बायकोला घोड्यांचा नाद असावा या कल्पनेनं त्यांनी आधी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"कुठला घोडा?"

"कुद्रेमुख हो. डोंगर."

मग चालता चालता उलगडा झाला. श्यामलाबाई घाटाखालच्या बेळतंगडीच्या. वडील तिथे हेडमास्तर. घरामागे सुपारीची बाग, बागेच्या पलीकडे घाटाची भिंत आणि तिच्या माथ्यावर कुद्रेमुख, म्हणजे कानडीत घोड्याचं तोंड. लहानपणी त्यांनी तो डोंगर रोज पाहिला होता. वर नेण्याचा हट्ट धरला की वडील म्हणायचे, मोठी झालीस की जाऊ. त्या मोठ्या झाल्या, तर म्हणाले, मोठ्या मुली डोंगर चढत नाहीत, आता नवऱ्याबरोबर जा.

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"लग्न झाल्या झाल्या नंदी हिल्सला गेलो होतो. मोटारीतच तुम्ही चिंचेची गोळी मागितलीत आणि डोळे मिटून बसलात. पुढं काय बोलायचं?"

निर्णय घेणं हा पुरुषोत्तमरावांचा स्वभाव नव्हता. एका सरकारी कचेरीत ते सुपरिंटेंडेंट होते आणि दुसऱ्यांचे निर्णय तिसऱ्यांकडे पाठवण्यात त्यांची हयात गेली होती. पण त्या दिवशी घराच्या फाटकाची कडी काढता काढता त्यांनी एक निर्णय स्वतःचा स्वतः घेतला. दिवाळी झाली की श्यामलेला कुद्रेमुखवर न्यायचं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, यंदा चालेल. काठी घेऊन, हळूहळू. पुढच्या वर्षाचं मात्र विचारू नका.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुरुषोत्तमरावांची चूक एकच झाली. त्यांनी ही गोष्ट शेजारच्या भीमाचार्यांच्या कानावर घातली.

भीमाचार्य रेल्वेतून निवृत्त झाले होते. सल्ला देण्यातून नव्हे. त्यांनी तपकीर ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पुरुषोत्तमराव, पर्वत हा विषय गंभीर आहे. आधी अभ्यास पाहिजे. पाठीवर वजन घेऊन चढायचा अभ्यास. उद्या सकाळी ब्यूगल रॉकवर या. पाच शेर तांदूळ घेऊन."

आता ब्यूगल रॉक हा बसवनगुडीतला एक खडक. त्यावर शाळेतली पोरं धावत चढतात आणि पेन्शनर मंडळी भुईमूग खायला बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषोत्तमराव पाठीला तांदळाची पिशवी बांधून त्या खडकावर चढू लागले. भीमाचार्य खाली बाकावर बसून "श्वास नाकानं!" असं ओरडत होते. पिशवीला खाली भोक आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. पुरुषोत्तमरावांना एवढंच जाणवलं की चढता चढता वजन हलकं होतंय. अभ्यासाचा गुण इतक्या लवकर आलेला पाहून त्यांना अभिमान वाटला. तिसऱ्या फेरीला मागे वळून बघतात तो मागून खारी, कावळे, कबुतरं आणि दोन म्हाताऱ्या. म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. त्यातल्या एकीनं विचारलं, "यावा व्रत, स्वामी?" कुठलं व्रत म्हणून. पुरुषोत्तमरावांनी गंभीरपणे आकाशाकडे बोट दाखवलं. पुढच्या गुरुवारी तिथं आणखी तीन बायका तांदूळ टाकत फिरताना दिसल्या.

मग बुटांचा प्रश्न आला. वरच्या मजल्यावर सुशांत नावाचा भाडेकरू राहत होता. पुण्याचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, सदा घाईत आणि सदा भुकेला. श्यामलाबाईंच्या हातच्या उप्पिटासाठी तो दिवसातून एकदा तरी "काकू, पेपर आहे का?" म्हणत खाली यायचा. बेत कळल्यावर तो भलताच खुलला. "काका, डोन्ट वरी. मी पुण्यात दर संडेला सिंहगड करायचो. कुद्रेमुख म्हणजे थोडा लाँग सिंहगड. मी येतो ना तुमच्याबरोबर. फक्त शूज प्रॉपर पाहिजेत."

प्रॉपर शूज शोधायला भीमाचार्यांना धरून तिघं चिकपेटच्या बाजारात गेले. दुकानदारानं कारखान्यात घालतात तसले, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट काढले. ते पुरुषोत्तमरावांच्या पायाला बरोबर बसले. भीमाचार्य म्हणाले, "बरोबर बसतात म्हणजे चुकले. उंचीवर गेलं की पाय सुजतात. दोन नंबर मोठे घ्या." दुकानदारानं लगेच "सरी सर" म्हणून मान डोलावली, कारण मोठ्या मापाचे बूट त्याच्याकडे बरेच दिवस पडून असावेत. घरी आल्यावर त्या बुटांत पेपराचे बोळे कोंबून पुरुषोत्तमराव हॉलमध्ये चालून दाखवू लागले. श्यामलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं, कोणी कपाट सरकवतंय.

यानंतर परवानगी. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं गवताची काडी मोडता येत नाही, हे ऐकून पुरुषोत्तमरावांना बरंच वाटलं. डोंगराचं त्यांना काही कळत नव्हतं, पण परवानगी हा त्यांचा प्रांत होता. तीन प्रतींत अर्ज घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून ते वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि अतिशय आदरानं परत केला. एकट्यादुकट्याला परवानगी मिळत नाही. गिर्यारोहण मंडळ पाहिजे. मंडळ म्हणजे नाव पाहिजे, अध्यक्ष पाहिजे, शिक्का पाहिजे. पुरुषोत्तमरावांनी आयुष्यभर लोकांना नेमकं हेच सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते टेबलाच्या अलीकडून ऐकताना कसं वाटतं हे त्यांना कळलं.

भीमाचार्यांनी दुपारच्या आत मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष भीमाचार्य, सचिव पुरुषोत्तमराव, तरुण शाखा सुशांत. नाव 'गिरिमित्र मंडळी'. शिक्का करायला पुन्हा चिकपेट. शिक्केवाल्याला हे नाव नवीन होतं, म्हणून त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणे ते दुरुस्त करून दिलं. शिक्का उमटला: 'गिरिजा मित्र मंडळी, बसवनगुडी'.

"चालेल," भीमाचार्य म्हणाले.

"चालेल काय? गिरिजा कोण म्हणून विचारलं तर?"

विचारलंच. कारकुनानं चष्मा वर केला. "गिरिजा कोण?"

"हिमालयाची मुलगी," भीमाचार्य क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "पर्वतकन्या. आमची अधिष्ठात्री."

कारकुनानं मान डोलावून सही घेतली. पण कचेरीत काही कामासाठी आलेल्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी हे अर्धवट ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत श्यामलाबाईंना तीन घरांतून समजलं की त्यांच्या यजमानांनी कुणा गिरिजेसाठी मित्रमंडळ काढलंय आणि तिच्यासाठी ते रोज सकाळी व्यायामही करतात.

पुरुषोत्तमराव घरी आले, तेव्हा श्यामलाबाई ताटात भात वाढत म्हणाल्या, "गिरिजाबाई जेवणार आहेत का?"

बेत तोवर त्यांच्यापासून लपवून ठेवला होता. हॉलमधले बूट आणि पहाटेचे तांदूळ हे सगळं डॉक्टरांनी पुरुषोत्तमरावांच्या पोटासाठी सांगितलंय, अशी थाप चालू होती. आता सगळं सांगावं लागलं. श्यामलाबाईंनी ऐकून घेतलं. भाताचं पातेलं खाली ठेवलं. मग त्या आत निघून गेल्या. पुरुषोत्तमरावांना वाटलं, रागावली. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लग्न होऊन मैसूरला गेलेल्या लेकीचा, श्रीविद्याचा, जुना सलवार-कमीज होता.

"डोंगरावर नऊवार काय आणि सहावार काय, अडखळायचंच," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "हे होईल का बघते. तुम्ही हसणार नसाल तर."

पुरुषोत्तमराव हसले नाहीत. त्या घालून आल्या, तेव्हा मात्र त्यांना बघू की नको असं झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते स्वतःच्याच घरात संकोचून पेपर वाचू लागले. पेपर उलटा होता.

रात्रभराच्या बसप्रवासानं मंडळी कळसा गावी उतरली आणि तिथून जीपनं पायथ्याच्या मुळ्ळोडीला पोचली. वाटेत पुरुषोत्तमरावांनी चिंचेच्या गोळ्यांची पुडी संपवली, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. श्यामलाबाई सलवार-कमीजवर शाल घट्ट गुंडाळून बसल्या होत्या. जीपमधून उतरल्यावर समोर नजर पोचेल तिथवर हिरव्या गवताचे डोंगर आणि त्यांच्या घड्यांतून काळंभोर रान दिसलं, तेव्हा त्यांनी शाल काढली, घडी केली आणि पिशवीत ठेवली.

वनखात्यानं बरोबर चन्नप्पा नावाचा गार्ड दिला. तो महिन्याभरापूर्वी विजापूरहून बदलून आला होता. मराठी कानावर पडताच त्याचा चेहरा फुलला. "अय्यो, आमच्याकडं पण बोलतात की हो असं! इथं आल्यापास्नं कुणी बोलायलाच न्हाई. नुसता पाऊस."

"रस्ता माहीत आहे ना?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"रस्ता हाय की," चन्नप्पा म्हणाला. त्यातला बारकावा नंतर लक्षात आला. रस्ता होता, एवढंच तो म्हणाला होता.

पहिल्या ओढ्यापाशी अध्यक्षांनी धोतर वर घेतलं, पाण्यात अंगठा बुडवला आणि अंगठा परत घेतला. "कुठल्याही चढाईत एक तळ लागतो," भीमाचार्य म्हणाले. "तळाची जबाबदारी मोठी. ती मी घेतो. चपात्यांचा मोठा डबाही इथंच असू दे, तुम्हाला ओझं नको." आणि तपकिरीची डबी काढून ते एका सपाट दगडावर असे बसले की तो दगड त्यांच्यासाठीच घडवलाय असं वाटावं.

बाकीचे चौघे पुढे निघाले. रान ओलं होतं, पायाखाली पाला, आणि पाल्यात जळवा. सिंहगडावर जळवा नसतात. पहिली जळू घोट्याला लागलेली दिसली, तेव्हा सुशांतनं जो नाच केला तो पाहून चन्नप्पानंही नाच केला, कारण विजापुरातही जळवा नसतात. श्यामलाबाईंनी काठीच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधली होती. त्यांनी शांतपणे दोघांच्या पायांना ती लावली. "आमच्याकडं पावसाळ्यात शाळेत जाताना लागायच्या," त्या म्हणाल्या. "उगी नाचू नका. नाचलं तर त्यांना उत्साह येतो."

रान संपलं, गवत लागलं. चन्नप्पा आत्मविश्वासानं डावीकडे वळला. वाट चांगली रुंद होती. घामाघूम होऊन ते चालत राहिले, एक टेकाड चढले, एक उतरले, आणि झाडीतून बाहेर येतात तो समोर ओढा, ओढ्यापलीकडे दगड आणि दगडावर चपाती खात असलेले भीमाचार्य.

"आलात? फार लवकर आलात!" ते कौतुकानं म्हणाले. "कसं होतं शिखर?"

पुरुषोत्तमरावांनी चन्नप्पाकडे बघितलं. चन्नप्पानं वाटेवरच्या शेणाकडे बघितलं. "गुरांची वाट," तो हळूच म्हणाला. "गुरं पण बरी फिरतात की हो."

पुन्हा सुरुवात. या खेपेला उजवीकडे. ऊन चढलं, आणि पुरुषोत्तमरावांचे बूट बोलू लागले. पेपराचे बोळे ओढ्याच्या पाण्यानं भिजून लगदा झाले होते. प्रत्येक पावलाला पाय आत पुढे जाई, मग मागे येई, मग बूट निघे. आधी एका टाचेला फोड आला, मग दुसऱ्या टाचेला. सगळ्यांनी, अगदी डॉक्टरांनीसुद्धा, काळजी केली होती ती श्यामलाबाईंच्या गुडघ्यांची. श्यामलाबाई काठी टेकत, एका लयीत, पुढे चालल्या होत्या. मध्येच थांबून गुडघ्यावर हात फिरवत, पुन्हा चालू लागत. मागे राहिले होते ते पुरुषोत्तमराव.

शिखराच्या खालच्या शेवटच्या चढाशी ते गवतात बसले. "तू जा," ते म्हणाले. "सुशांत आहे, चन्नप्पा आहे. मी इथं थांबतो. भीमाचार्यांसारखा मीही एक तळ होतो."

श्यामलाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांनी पुरुषोत्तमरावांचे बूट ओढून काढले. आतला लगदा उपसून टाकला. पिशवीतून शाल काढली आणि तिचे दोन तुकडे करायला घेतले.

"अगं, चांगली शाल आहे! लग्नातली!"

"असू दे. कपाटातच होती इतकी वर्षं."

त्यांनी पट्ट्या करून पायांना गुंडाळल्या, बूट परत चढवले, नाड्या ओढून बांधल्या. लेकीला शाळेत जाताना बांधायच्या तशा, दोनदा गाठ मारून. "मी एकटी जाऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "कुणाला दाखवू, बघा हो म्हणून?"

पुरुषोत्तमराव उठले. तो शेवटचा चढ त्यांनी कसा चढला ते त्यांनाही पुढे सांगता आलं नाही. दोन्ही हात टेकत, गवत धरत, कधी सुशांतच्या पाठीला डोकं लावून. कचेरीतल्या कुणी त्यांना त्या अवस्थेत पाहिलं असतं, तर पुन्हा त्यांच्यापुढे फाईल आणायला धजलं नसतं.

आणि माथ्यावर ढग होता.

पांढराशुभ्र, ओला ढग. घोड्याच्या तोंडावर ते चौघे उभे होते आणि त्यांना स्वतःचे पायदेखील धूसर दिसत होते. सुशांत थोडा वेळ "ओ शिट, ओ शिट" म्हणत राहिला आणि मग श्यामलाबाईंकडे बघून गप्प झाला. त्या मात्र पश्चिमेकडे तोंड करून बसल्या. "या बाजूलाच खाली बेळतंगडी," त्या म्हणाल्या. "ह्या पांढऱ्याच्या खाली."

बराच वेळ गेला. ढग हलेना. चन्नप्पा खाली दरी आहे या नुसत्या माहितीनंच घाबरून दरीकडे पाठ करून, कानांना मफलर गुंडाळून बसला होता. "सर, निघायला पायजे. अंधाराच्या आत खाली गेलं पायजे."

"थांबायचं," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"रूल हाय सर."

"असू दे रूल." गणवेशातल्या माणसाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा नकार दिला होता. आणि तो त्यांनी मागे घेतला नाही. "हिला दिसल्याशिवाय मी उतरणार नाही. स्वल्प थांबा."

श्यामलाबाईंनी वळून बघितलं. मग त्यांची नजर खाली गेली. "अहो, पाय पुढं करा. पोटरीवर जळू आहे. मोजा लाल झालाय."

त्या खाली वाकल्या आणि मिठाची पुरचुंडी लावू लागल्या. सुशांत पाठमोरा बसून कॅमेऱ्यात नवा रोल भरत होता. आणि त्या क्षणी ढग फाटला.

एकदम फाटला, जरीच्या कापडासारखा, उभा. पायांच्या पुढे जमीन संपली होती आणि खाली, विश्वास बसू नये इतक्या खाली, रान होतं, रानाच्या पुढे सपाट हिरवा मुलूख, त्यातून गेलेली चकाकणारी नदी, आणि सगळ्याच्या टोकाला एक रुपेरी रेघ, ती समुद्राची असावी. पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं. "श्या..." एवढंच निघालं.

"हलू नका, निघतेय," श्यामलाबाई म्हणाल्या. "निघाली. झालं." त्यांनी मान वर केली.

समोर पांढरं होतं.

पुरुषोत्तमरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मीठ झोंबलं का हो?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"उघडलं होतं, श्यामला. आत्ता. सगळं उघडलं होतं. तू खाली बघत होतीस."

चन्नप्पाला काही दिसलं नव्हतं. सुशांतच्या हातात अर्धवट भरलेला रोल होता. श्यामलाबाईंनी त्या पांढऱ्याकडे क्षणभर बघितलं. पुरुषोत्तमरावांना वाटलं, आता ही रडेल, आणि त्यावर काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण श्यामलाबाईंनी काठी उचलली आणि नवऱ्यापुढे हात केला.

"चला. उशीर झालाय त्याला," चन्नप्पाकडे मान करून त्या म्हणाल्या. "आणि उतरताना सांगा."

"काय सांगू?"

"काय दिसलं ते. सगळं सांगा."

आता पुरुषोत्तमरावांनी आयुष्यात वर्णन असं कधी केलंच नव्हतं. 'आपले पत्र मिळाले' इथपासून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' इथपर्यंतच त्यांची भाषा. चार पावलं उतरल्यावर ते म्हणाले, "खाली... हिरवं होतं."

"हिरवं काय, इथंही आहे. नीट सांगा."

"नदी होती. वळण घेऊन गेलेली."

"कुठल्या अंगानं वळण?"

"डावीकडे."

"मग ती शाळेमागची. तिच्या अलीकडं काय होतं?"

"अलीकडे सुपारीच्या बागा. वरून अशा, बारीक दात्यांच्या फणीसारख्या दिसत होत्या."

श्यामलाबाई हसल्या. पुरुषोत्तमरावांना धीर आला. गवत मागे पडलं, रान जवळ आलं, सुशांत आणि चन्नप्पा पुढे निघून गेले. हे दोघं मागे, एकमेकांच्या आधारानं, पायऱ्या नसलेल्या उतारावर पायऱ्या शोधत उतरत होते. बागेनंतर एक रस्ता आला, रस्त्यावरून एक बस गेली. मग कौलारू घरं आली. कौलं लाल होती. एका घरामागे विहीर होती, विहिरीजवळ दोरीवर धुणं वाळत होतं.

श्यामलाबाई थांबल्या. एवढ्या उंचीवरून गावसुद्धा ठिपक्याएवढं दिसत नाही, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. त्यांना ठाऊक आहे हे पुरुषोत्तमरावांनाही कळलं, आणि ते ओशाळून जमिनीकडे बघू लागले.

"धुण्यात काय होतं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"एक लुगडं होतं," पुरुषोत्तमराव हळूच म्हणाले. "निळं."

"निळं नाही. आईचं हिरवं होतं."

"हिरवंच असेल. लांबून निळं वाटलं."

श्यामलाबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात त्यांच्या दंडात घातला. गुडघे दुखत होते, टाचा सोलल्या होत्या, आणि उतार अजून बराच बाकी होता.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "घाई नाही मला."